आबांची प्रकृती

वाई, १२ जानेवारी २०२४

जयराज,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू ओळखलं असशील. टाकून द्यायच्या आधी एवढंच वाच. आबा साताऱ्याच्या दवाखान्यात आहेत. जिवंत आहेत, पण बरे नाहीत.

तुझ्या फोनवर माझा नंबर अजून ब्लॉकच आहे. आईच्या फोनवरून लावला, तोही लागत नाही. तू कुठल्या डोंगरात आहेस ते मला ठाऊक नाही. युनिटचं नाव आणि ५६ एपीओ, एवढाच पत्ता. आबा म्हणायचे, फौजेत माणूस कुठंही असू दे, पत्र त्याला हुडकून काढतं. त्या भरवशावर लिहितेय.

मंगळवारी सकाळी आबा ज्ञानूच्या सलूनमध्ये दाढीला बसले होते. अर्ध्या गालाला फेस होता. ज्ञानू सांगतो, त्यांचा उजवा हात एकाएकी वर गेला, सलाम ठोकावा तसा, आणि मग सगळं अंग ताठ होऊन थडथडायला लागलं. ज्ञानूनं वस्तरा लांब फेकला आणि त्यांचं डोकं छातीशी धरून बसला, म्हणून गळा वाचला. निरोप आला तेव्हा मी माझ्या दवाखान्यात एका म्हातारीची नाडी बघत होते. तिचा हात तसाच सोडून पळाले. जाऊन बघते तर फेस वाळून गालाला चिकटलेला आणि आबा मला विचारतायत, "तू कोण गं? मास्तरीण व्हय?"

साताऱ्यात डोक्याचा स्कॅन काढला. कपाळाच्या मागं, बरोबर मधोमध, गाठ आहे. आईला मी लिंबाएवढी सांगितली. तिथले डॉक्टर मोसंबीएवढी म्हणाले. उद्या मिरजेला न्यायचं आहे.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. तू घर सोडलंस ते आबांच्या बोलण्यामुळं. २०२१ची दिवाळी, पाडव्याचं जेवण. त्यांनी प्रियंकाच्या पुढचं ताट ओढलं, उंबऱ्याबाहेर बस म्हणाले, आणि तिच्या जातीवरून तो शब्द काढला. तुझी दोन वर्षांची मनू तिच्या मांडीवर होती. तू ते विसरावंस असं मी म्हणत नाही. पण आठव ना, हेच आबा तुझ्या लग्नाआधी एकटे एसटीनं सांगलीला गेले होते. प्रियंकाच्या वडिलांच्या, महेंद्रमामांच्या घरी पोटभर जेवले, आणि परत येऊन भावकीला म्हणाले, "माज्या पलटणीत एका डब्यात आठ जणांनी हात घातल्याती. मला कुनी जात शिकवू नगा." त्यांच्या तोंडून तसला शब्द आपण कधी तरी ऐकला होता का?

ते बोलणारे आबा नव्हते, जयराज. ती गाठ होती.

हे तुला कळावं म्हणून लिहिलं. सुट्टी मिळाली तर ये. नाही मिळाली तर फोन तरी कर. आई सारखी दाराकडं बघते.

तुझी
ताई


मिरज, २० जानेवारी २०२४

जयराज,

तुझं उत्तर नाही. स्पीड पोस्टाला तिकडं किती दिवस लागतात ते पोस्टातल्या बाईला विचारलं, ती म्हणाली ते तिकडच्या बर्फावर अवलंबून आहे.

आम्ही मिरजेत आहोत. दवाखान्यासमोरच्या लॉजवर खोली घेतलीय. एमआरआय झाला. गाठ मेंदूची नाही, मेंदूच्या आवरणाची आहे. कॅन्सर वाटत नाही म्हणाले. फार सावकाश वाढते म्हणे ही, आठ-दहा वर्षं मुकाट्यानं. वासाच्या नसेवर बसलीय. म्हणून आबांना वास येत नव्हता. एकदा सगळं घर धुरानं भरलं होतं, करपलेल्या दुधाचं पातेलं गॅसवर काळं पडलेलं, आणि आबा शेजारच्या स्टुलावर बसून पेपर वाचत होते. मी काय म्हणाले असेन? म्हणाले, सर्दीनं नाक बंद असेल. नस्य दिलं, नाकात तेलाचे थेंब सोडले.

इथले सर्जन शांत आहेत. त्यांनी मला विचारलं, "स्वभावात फरक कधीपासून वाटतो?" मी म्हणाले, "दोन वर्षं." त्यांनी तसं लिहून घेतलं. आई कोपऱ्यात उभी होती. ती मोठ्यानं म्हणाली, "दोन न्हाई. च्यार वर्सं झाली. हिलाच इचारा की, औषध हीच देत हुती." डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग दोन खोडून चार केलं.

तुला आठवतं का, कॉलेजात असताना मला घरातल्या एका माणसाची प्रकृती तपासून तक्ता भरायचा होता. मी आबांना अंगणात बसवून तीन तास प्रश्न विचारले होते. भूक कशी लागते, झोप कशी, घाम किती, राग कधी येतो. तू शेजारी बसून उत्तरं देत होतास. राग कधी येतो म्हटल्यावर तू म्हणालास, "लिही, ह्या साली आला न्हाई." आबा हसले, तेसुद्धा सावकाश. जड आवाज, गाढ झोप, एक वेळ उपाशी राहिले तरी तक्रार नाही, कुणी दुखावलं तर सोडून देणार पण नाव विसरणार नाहीत. आमच्या सरांनी तक्ता वर्गात वाचून दाखवला. म्हणाले, इतकी शुद्ध कफ प्रकृती फार क्वचित सापडते. मग मी सगळ्या घरालाच वाटून टाकलं. आबा कफाचे, मी पित्ताची, तू वाताचा. तू वाताचा, म्हणून तुझे हात गार, तुझी झोप उडते, तुला बारीकसारीक गोष्टीची भीती वाटते. किती वेळा चिडवलं तुला त्यावरून.

आम्हाला शिकवलं होतं की जन्माची प्रकृती मरेपर्यंत बदलत नाही. दोष वाढतात, कमी होतात, पण मूळ माणूस तोच राहतो. आणि मूळच पालटलेलं दिसलं, कारण नसताना, तर वैद्यानं घाबरावं, कारण ते मरणाकडचं लक्षण असतं. परीक्षेत हा प्रश्न आला होता मला. मी दीड पान लिहिलं होतं.

आणि घरात २०२० पासून आबा भाजीतल्या मिठावरून आईच्या अंगावर ताट फेकत होते. अंगणात सगळ्यांसमोर लघवीला बसत होते. मी काय केलं? मी म्हटलं पित्त वाढलंय, फौजेतला दाबलेला राग म्हातारपणी वर येतोय. गुलकंद दिला, मोरावळा दिला, रेचक दिलं. चौदा दिवस शिरोधारा केली. आबांना पाटावर झोपवायचे आणि कपाळावर कोमट तेलाची धार धरायचे. ते लहान मुलासारखे पडून राहायचे. जयराज, माझ्या बोटांपासून ती गाठ तीन बोटं आत होती.

ऑपरेशन करायचं म्हणतायत, लवकर. नाही केलं तर डोळे जाणार, मग बाकीचंही. केलं तर टेबलावरच जाण्याची भीती आहे, किंवा उठतील पण कसे उठतील सांगता येत नाही. आई सहीला तयार नाही. मी कागद पुढं केला तर तिनं हात पदरात घेतला. "तुजं ऐकूनच ही वेळ आलीया. जयराज सांगंल तरच मी अंगठा दीन." तिला सही येते, तू जाणतोस. अंगठा ती मुद्दाम म्हणाली.

माझी सही चालेल असं डॉक्टर म्हणतात. पण आईच्या मनाविरुद्ध मी कागदावर सही केली आणि आबा गेले, तर मी या घरात कशी राहू? आणि नाही केली तर?

एक फोन कर. माझ्याशी बोलू नकोस, आईशी बोल.

तुझी
ताई


मिरज, २९ जानेवारी २०२४

जयराज,

आज मी सांगलीला गेले होते. प्रियंकाकडं.

दुसरा मार्गच राहिला नव्हता. परवापासून आबांना डाव्या डोळ्यानं दिसत नाही. चमचा तोंडाऐवजी हनुवटीला लावतात. आई म्हणते, सही करून स्वतःच्या हातानं त्यांना मारायचं नाही. मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. तिनं पाय मागं घेतले.

बसमधून उतरले तेव्हा मला त्यांच्या गल्लीचं नाव आठवेना. सहा वर्षांत मी तिथं एकदाच गेलेली, तुझ्या लग्नाच्या बोलणीला. एसटीतून रिटायर झालेले महेंद्र ड्रायव्हर कुठं राहतात असं विचारत गेले. महेंद्रमामांनीच दार उघडलं. ओळखलं त्यांनी. खुर्ची सरकवली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि मनूला घेऊन बाहेर निघून गेले. केवढी झालीय रे मनू. शाळेचा गणवेश होता अंगात. मला बघून आजोबांच्या मागं लपली. ओळखणार तरी कशी?

प्रियंका लॅबमधून यायची होती. मी पाऊण तास बसले. भिंतीवर तुमचा तिघांचा फोटो आहे, तू युनिफॉर्ममध्ये. केस पांढरे झालेत तुझे कानाजवळ.

ती आली. पिशवी ठेवली, हात धुतले, समोर बसली. मी सगळं सांगितलं. रिपोर्ट आणले होते ते दाखवले. ती लॅबमधली, तिला वाचता येतात. शांतपणे वाचले. मग म्हणाली, "यांनी सांगितलं होतं तुम्हाला."

यांनी म्हणजे तू.

मागच्या पत्रात हे लिहायचं मी टाळलं होतं. आता लिहिते. तू सांगितलं होतंस. त्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, वाईच्या स्टँडवर. बॅगा खाली ठेवून तू म्हणालास, "ताई, ह्ये आबा न्हाईत. ह्यांच्या डोक्याचा फोटो काढून घे. मी असली मानसं वॉर्डात बघितल्याती. रागानं घर सोडतोय असं समजू नगंस, पर ह्येवढं कर." आर्मी मेडिकलमध्ये तुझी तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मी ऐकलं नाही. उलट तुला काहीबाही बोलले. मी पित्ताची बाई, भडकते आणि विसरते, तुला ठाऊकच आहे.

प्रियंकाला मी म्हणाले, "आबा जे बोलले ते आजारानं बोलले. आता तर कागदावर आलंय." ती म्हणाली, "ताई, तो शब्द माझ्या आजीनं ऐकला, वडिलांनी ऐकला. त्यांना म्हणणाऱ्या सगळ्यांच्या डोक्यात गाठ होती का?" याचं उत्तर तुला येतं का?

मग ती अजून एक वाक्य बोलली. ते मी आज लिहीत नाही.

दारापर्यंत आली. म्हणाली, "तुमचा निरोप मी यांना देईन. या म्हणणार नाही, नका येऊ असंही म्हणणार नाही. तिकडं रस्ता बंद आहे, आठवड्यातनं एकदा फोन लागतो." मी तिचा हात धरायला गेले, तिनं तो पिशवीच्या बंदात अडकवला होता.

परतताना बसमध्ये जागा होती तरी मी उभीच राहिले.

तुझी
ताई


मिरज, ५ फेब्रुवारी २०२४

जयराज,

हे तुला ठाऊकच आहे, तरी लिहिते, कारण तुला फोनवर जे दिसलं नाही ते मी बघितलं.

गुरुवारी सकाळी प्रियंका वॉर्डात आली. एकटीच. मी उठून उभी राहिले. ती माझ्याजवळून गेली आणि आईच्या पुढ्यात खाली बसली. "आत्या, फोन धरा," म्हणाली. आईनं फोन कानाला लावला. तुझं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. आई फक्त "व्हय रं... व्हय... जेवतोस न्हवं?" एवढंच म्हणत राहिली. मग फोन परत दिला, चष्मा मागितला आणि सहा ठिकाणी पूर्ण नावानं सह्या केल्या. लीलाबाई कृष्णात, वळणदार अक्षर, चौथीत बक्षीस मिळालेलं.

तू माझ्याबद्दल विचारलं नाहीस. मी प्रियंकाकडं बघत होते, ती मान वळवेल म्हणून.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. साडेआठ तास. आबांचे केस काढलेले होते. आत नेताना त्यांनी वॉर्डबॉयला दरडावलं, "चाल सुधार, जवान," आणि मग आईला म्हणाले, "आगं, ह्यो कोन मानूस मला कुठं न्हेतोय?" तेच शेवटचं बोलले.

गाठ निघाली. जवळजवळ सगळी. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा आई रडली, मीही. पण आबा जागे झाले नाहीत. काल सूज आली म्हणून परत आत नेलं. आज चौथा दिवस. नळ्या आहेत. तपासताना नर्स छातीचं हाड मुठीनं दाबते, माणूस हात हलवतो का बघायला. आबांचा हात हलत नाही.

भेटायला दुपारी दहा मिनिटं सोडतात. मी जाते आणि नाडी बघते. सवयीनं. बोटाखाली काहीच ओळखीचं लागत नाही. वीस वर्षं मी लोकांच्या मनगटावर बोटं ठेवून सांगितलं, तुम्ही अमुक प्रकृतीचे, हे खा, ते खाऊ नका. लोक ऐकतात रे. वाईतली निम्मी माणसं माझ्या शब्दावर दही सोडतात, चहा सोडतात. शास्त्र खोटं नव्हतं, जयराज. प्रकृती पालटली तर घाबर, असं शास्त्रानं सांगितलंच होतं मला. मीच घाबरले नाही. घाबरले असते तर कुणाला तरी विचारावं लागलं असतं, आणि ज्याला विचारायचं तो तू होतास.

वाईच्या माझ्या दवाखान्याला कुलूप आहे. बनुबाई झाडलोट करते ना, तिनं फोन केला, पेशंट दारात येऊन बसतायत म्हणे. मी सांगितलं, परत पाठव. परत उघडणार आहे का ते मला माहीत नाही.

आई माझ्याशी जेवलीस का एवढं बोलते. खोलीत आम्ही दोघी दोन कॉटवर बसून राहतो.

मला कुणाशी तरी बोलायचंय. आबांच्या कानात बोलते. काल सांगितलं, जयराजचा फोन आला होता. त्यांचा डोळा हलला असं मला वाटलं. नर्स म्हणाली, तसं सगळ्यांनाच वाटतं.

ये रे. नाही तर शिव्या तरी घाल. या पाकिटांचं तू काय करतोस? वाचून गप्प बसतोस, की फाडतोस? एवढं तरी कळू दे मला.

ताई


मिरज, १९ फेब्रुवारी २०२४

जयराज,

तू काल फोनवर विचारलंस त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. म्हणून हे लिहितेय.

आबा नवव्या दिवशी शुद्धीवर आले. तू प्रियंकाकडनं ऐकलंच असशील. आधी बोटं हलली, मग दोन दिवसांनी उजवा डोळा उघडून त्यांनी आईला विचारलं, "गुरांस्नी पानी दावलं का?" गुरं आपण विकून पंधरा वर्षं झाली. आई म्हणाली, "दावलं." डावा डोळा गेला तो गेलाच. वास येणार नाही. पण आवाज जुना आहे, जयराज. जड, सावकाश. परवा इंजेक्शन देताना शिर सापडेना, नर्सनं चार वेळा टोचलं. ती घाबरली. आबा म्हणाले, "टोच बाई, मला कुठं पळायचंय." मी दाराआड जाऊन उभी राहिले. कितीतरी वर्षांनी त्यांना ऐकत होते.

काल दुपारी प्रियंका आली. मनूला खाली महेंद्रमामांजवळ ठेवून आली होती. आबांनी तिला बघितलं आणि आईला म्हणाले, मला उठवून बसव. उशा लावल्या. श्वास लागला होता त्यांना. म्हणाले, "प्रियंका, म्या तुला जे बोललो, ते मला समदं आठवतंय."

प्रियंका म्हणाली, "आबा, डॉक्टर म्हणतात आजार होता."

"डॉक्टरला काय म्हायती. तोंड माजं हुतं." मग म्हणाले, "त्यो शब्द गाठीनं आनला कुठनं? ल्हानपनी गावात ऐकलेला. आत पडून हुता. मला वाटलं हुतं फौजेत समदं धुऊन निगालं. न्हवतं निगालं. म्या तुजी माफी मागतो, पोरी. गाठीची न्हाई, माजी."

प्रियंका म्हणाली, "मला वेळ लागंल, आबा."

"लागू दे. म्या हितंच पडलोय."

तिला हसू आलं आणि रडूही. मग तिनं तुला फोन लावला. लागला एकदाचा. आबा तुझ्याशी काय बोलले ते तुम्हा दोघांचं. बोलून झाल्यावर प्रियंकानं फोन माझ्यापुढं धरला. मी मागितला नव्हता. कानाला लावला, पलीकडं वारा ऐकू येत होता. तू म्हणालास, "हेलिकॉप्टरनं चार पाकिटं आल्याती. एकबी फोडलं न्हाई. कुठलं आदी वाचू?" कुठलं सांगावं ते ठरवत होते, तेवढ्यात फोन कट झाला. तू ठेवलास की रेंज गेली, कळलं नाही.

हे आधी वाच.

बाकीच्या चारांत मी खोटं लिहिलेलं नाही, पण अर्धंच लिहिलंय. पहिल्या पत्रात मी लिहिलंय की तू आबांच्या बोलण्यामुळं गेलास. ते खरं नाही. आबांच्या बोलण्यानंतरही तू सकाळी त्यांच्या पाया पडून निघाला होतास. तू तुटलास तो स्टँडवर, माझ्यामुळं. तिथं मी काय बोलले ते "काहीबाही" म्हणून मी पुसून टाकलं. आता जसंच्या तसं लिहिते.

मी म्हणाले, "तू डॉक्टर नाहीस. तू बेडपॅन उचलणारा माणूस. मला शिकवू नकोस. तू वाताचा आहेस, तुला सगळीकडं भूतच दिसतं." लोक बघत होते. तू गप्प होतास. तेवढ्यावर मी थांबले असते तर कदाचित तू मला सोडून दिलं असतंस. पण मला तुझं गप्प बसणं सहन झालं नाही. प्रियंका मनूला घेऊन दोन हातांवर उभी होती. तिला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "आणि बायकोच्या अपमानाला आजार चिकटवू नकोस. आबा तोंडानं बोलले एवढंच. ते या घरात सगळ्यांच्या मनात होतं."

सांगलीला ती जे बोलली आणि मी लिहिलं नाही, ते हेच. "आबांचं मी एक वेळ समजून घेईन, ताई. तुम्ही स्टँडवर बोललात, त्याचा रिपोर्ट आणलात का?"

नाही आणला. नाहीच आहे माझ्याकडं. आबांना काल इतक्या सहज स्वतःला सोडवून घेता आलं असतं. सगळे त्यांना वाट काढून देत होते, डॉक्टर, आई, खुद्द प्रियंका, आणि ते त्या वाटेनं गेले नाहीत. मी मात्र महिनाभर त्यांच्या गाठीमागं लपून तुला पत्रं लिहीत होते. माझ्या डोक्यात गाठ नव्हती, जयराज. त्या सकाळी मला ताप नव्हता, झोप झाली होती, चहा झाला होता. मी पूर्ण शुद्धीत बोलले. पित्ताची आहे म्हणून बोलले असंही नाही. पित्तानं माणूस चिडतो. कुणाला कुठं मारलं की उठणार नाही, हे पित्त शिकवत नाही.

ते खरंच माझ्या मनात होतं का, हे मी स्वतःला विचारलं. आईच्या मनात नव्हतं, तिला मी उगाच ओढलं. माझ्या होतं. तुझ्या लग्नात मी सगळ्यांच्या पुढं होऊन नाचले, आणि घरी आल्यावर प्रियंकानं आणलेला लाडू हातात धरून बसले, खाल्ला नाही. कुणाला दिसलं नाही. प्रियंकाला दिसलं असेल.

काल संध्याकाळी ती निघाली तेव्हा मी तिच्या मागं जिन्यापर्यंत गेले आणि हे सगळं तिला सांगितलं. लाडवाचंही. आबांसारखं मला नेटकं बोलता आलं नाही, रडत बोलले. तिनं ऐकून घेतलं. "ठीक आहे," म्हणाली. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि मी विचारलंही नाही. खाली मनू वाट बघत होती. मला बघून ती या वेळी लपली नाही, एवढंच.

रस्ता उघडला की तू येशील, आबा रोज तारीख विचारतात. मिरज स्टेशनवर प्रियंका येईल, मनू येईल, आई तर येईलच. मी आबांजवळ बसेन. कुणीतरी बसायला लागतं. तू वॉर्डात आलास की मी बाहेर जाईन. थांब म्हणालास तर थांबेन.

बाकीची चार पाकिटं हवी तर फोड, नको तर नको. त्यांतलं आबांबद्दल जे आहे तेवढं ठेव.

राजेश्वरी